घोणसदंश आणि मूत्रपिंड

घोणस चावल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत मूत्रपिंडांचे काम मंदावणे, कधी पूर्ण थांबणे. बोलीत ‘लघवी बंद होणे’.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात या आजाराची वाट उसातून जाते. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि प्रवरेकाठी ऊस पसरत गेला. उसात उंदीर, उंदरामागे घोणस. रात्रीच्या विजेवर दारे धरणारा शेतकरी आणि फडात कोयता चालवणारी ऊसतोड जोडपी तिच्या वाटेत येतात. पाठीवर साखळीसारखे ठिपके, डिवचल्यावर कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार. तरीही अजगराचे पिल्लू समजून तिला हात लावणारे भेटतात.

तिचे विष रक्तातील गोठण्याचे घटक संपवते. हिरड्यांतून रक्त येते, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या अडकतात आणि गाळणीच्या नलिका मरू लागतात.

निदानाची पहिली चाचणी साधी आहे. दोन मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे आणि वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही. मग ती आडवी करायची. रक्त पाण्यासारखे ओघळले, तर प्रतिसर्पविष ताबडतोब सुरू करायचे. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी फसवते, ही बारीक गोष्ट जिवावर बेतू शकते.

नातेवाइकांचे डोळे पायाच्या सुजेवर असतात. डॉक्टरांनी लघवीच्या पिशवीकडे पाहावे. रंग काळ्या चहासारखा झाला, दिवसभरात ४०० मिलिलिटरही जमली नाही, की धोका समजावा. रक्तातले पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकते. हा धोका आवरायला कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्शुलिन-ग्लुकोज आणि गरज पडल्यास डायलिसिस.

प्रतिसर्पविष रक्तात फिरणारे विष निकामी करते. इजा झालेले मूत्रपिंड ते दुरुस्त करत नाही. म्हणून दोरी आवळणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे जाणे यांत गेलेला तास फार महाग पडतो. दंशाचा अवयव हलू न देता १०८ ला फोन करावा. अकोले तालुक्याच्या डोंगरातून किंवा जामखेडच्या टोकावरून मोठे रुग्णालय लांब पडते, हे धरून प्रतिसर्पविषाचा पहिला डोस जवळच्या सरकारी दवाखान्यातच मिळायला हवा.

बहुतेकांची मूत्रपिंडे काही आठवड्यांत सावरतात. मूत्रपिंडाचा बाहेरचा थरच मेला असेल, तर डायलिसिस कायमचे मागे लागू शकते. घरी गेल्यावरही काही महिने क्रिएटिनिन तपासावे लागते.