'फोर्स'चे अनेक अर्थ

पोलीस फोर्स, पाण्याचा फोर्स, कायद्याचा फोर्स! दल, जोर, अंमल असे कितीतरी अर्थ हा एक इंग्रजी शब्द वाहतो. भौतिकशास्त्रातही तो दीर्घकाळ सैलच होता. न्यूटनने १६८७ साली गती बदलणाऱ्या कारणाला बल म्हटले. लायब्निट्झ मात्र वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग या राशीला 'जिवंत बल' म्हणत असे. तिच्यासाठी १८०७ मध्ये थॉमस यंगने 'एनर्जी' शब्द वापरला. तरीही १८४७ साली हेल्महोल्ट्झने ऊर्जेच्या अक्षय्यतेवरील निबंधाच्या शीर्षकात जर्मन 'क्राफ्ट', म्हणजे बल, हाच शब्द योजला. १८५७ मध्ये फॅरेडेही 'फोर्स'च्याच अक्षय्यतेवर बोलला.

म्हणून विद्यार्थ्याने बलाऐवजी 'शक्ती' लिहिले, तर गुण कापण्यापूर्वी त्याच्या मनात कोणती राशी आहे, हे विचारून पाहावे.