घोडबंदरचा किल्ला आणि गुप्तधनाचा कायदा

मीरा-भाईंदरच्या हद्दीत, उल्हास नदीच्या खाडीवर घोडबंदरचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी येथे चर्च व तटबंदी उभारली. 1737च्या साष्टी मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. पुढे इंग्रजी अमलात चर्चची इमारत अधिकाऱ्यांच्या मुक्कामासाठी वापरली गेली. वापरात राहिली, म्हणूनच ती टिकली असावी. ओस पडलेल्या वास्तूंचे चिरे मात्र गावोगाव घरांच्या जोत्यांत गेले.

चिऱ्यांहून जुना लोभ गुप्तधनाचा. 1878च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक झाले. त्यात भर धनावर होता, जागेवर नव्हता. जागेचे संरक्षण 1904च्या आणि 1958च्या स्मारक कायद्यांनी आले. राज्याचा स्वतंत्र कायदा 1960चा. केंद्रसंरक्षित स्मारकाच्या नासधुशीला 2010च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मेटल डिटेक्टरने हा लोभ सोपा केला. मार्च 2025मध्ये, ‘छावा’ चित्रपटानंतर, बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात लोक मोगलकालीन नाण्यांसाठी रात्री शेते उकरत होते. नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापरासोबत होते, यावरून त्या थराचा काळ ठरतो. उकरलेले नाणे सरकारजमा करता येते, थर पुन्हा रचता येत नाही. किल्ल्यांच्या भिंतींवर लोकांनी कोरलेल्या नावांची हानीही अशीच भरून न येणारी. ती घासून काढताना दगडाचा पृष्ठभाग जातो.