चौथीचा निरोप आणि लेकीचं लहानपण



आज बोलायचं आहे लेकरांच्या मोठं होण्याबद्दल. शाळेचं वर्ष संपत आलं की गावोगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत निरोप समारंभ होतात. यंदा आम्ही गटातल्या बाया मिळून चौथीच्या समारंभाला गेलो होतो. मुली साड्या नेसून, केसांत गजरे माळून आल्या होत्या. एकीने माईक हातात घेऊन न अडखळता भाषण केलं आणि शेवटी बाईंचं नाव घेताना रडली. मागे सतरंजीवर बसलेल्या आमचं एकच चाललं होतं, "अगं बाई, केवढी दिसतेय ही!" घरी येतानाही बोलणं तेच. पोरं आता फार लवकर मोठी होतात. मोबाईल आला, रील आले, नट्टापट्टा आला. आपल्या वेळी असं नव्हतं.

आपल्या वेळी कसं होतं, आपल्या आईच्या, आजीच्या, पणजीच्या वेळी मुलगी किती वर्षं लहान असायची, हे बघावं असं आमच्या मनात आलं. पुस्तकं चाळली, म्हाताऱ्या बायांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

दीड-पावणेदोनशे वर्षं मागे चला. १८४० साली सावित्रीबाईंचं जोतीराव फुल्यांशी लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि जोतीराव तेरा वर्षांचे. आनंदीबाई जोशींचं लग्नही नवव्या वर्षी झालं. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि मूल दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं, अमेरिकेत शिकून १८८६ साली पदवी मिळवली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या वारल्या. रमाबाई रानड्यांचं लग्न अकराव्या वर्षी झालं. या तिघी लग्नानंतर शिकल्या म्हणून त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत. बाकीच्या मुलींचं काय झालं? न्हाण आलं की सासरी पाठवणी, मग पहाटेचं दळण, पाणी, सरपण आणि वर्षा-दोन वर्षांत पाळणा. त्यांच्या वयाचा हिशेबसुद्धा कुणी ठेवला नाही.

कष्टकऱ्यांच्या घरात लहानपण कामातच जायचं. १८८२ साली सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, म्हणजे हंटर कमिशनपुढे, जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. शेतकरी आणि गरीब लोकांना गुरं राखायला आणि शेत बघायला मुलं लागतात, म्हणून ते मुलांना शाळेत पाठवत नाहीत, हे त्यांनी त्यात सांगितलं. शिष्यवृत्त्या द्या, बक्षिसं द्या, आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. मुंबईच्या गिरण्यांतही मुलं राबत होती. १८८१ चा कारखाने कायदा आला तेव्हा त्याने एवढंच केलं की सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी घातली. सातव्या वर्षापुढचं मूल दिवसाला नऊ तास काम करू शकत होतं. आज सातव्या वर्षी आपलं मूल पहिली-दुसरीत असतं.

मग हे बदललं कसं? एका दिवसात बदललं नाही. लोक भांडले, तेव्हा एकेक दोन-दोन वर्षं पदरात पडली.

त्यातलं मोठं भांडण एका मुलीनेच उभं केलं. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं आणि त्याबरोबर शाळा सुटली होती. त्या आईकडेच राहिल्या आणि घरी बसून वाचत राहिल्या. १८८४ साली नवऱ्याने कोर्टात दावा लावला, की ही माझी बायको आहे, हिला नांदायला पाठवा. रखमाबाई म्हणाल्या, ज्या लग्नाला माझी संमती घ्यायचं वयच नव्हतं, ते मी मानत नाही. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ साली नवऱ्याने पैसे घेऊन दावा सोडला. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथल्या बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी उभी हयात काम केलं.

त्याच सुमारास बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या बळजबरीत मेली. त्यानंतर १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. नवऱ्याने बायकोशी संबंध ठेवण्याचं वय तोवर दहा होतं, ते बारा झालं. या दोन वर्षांसाठी महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं! न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर कायद्याच्या बाजूने होते. लोकमान्य टिळकांचा विरोध होता. परक्या सरकारने आपल्या धर्मात हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्तमानपत्रं भरून गेली. ज्यांच्याबद्दल वाद चालला होता, त्या मुलींना मात्र कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या बाजूने शाळा पुढे सरकत होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ पासून सगळ्या संस्थानाला लागू केलं. पण तिथेही एक गोष्ट ध्यानात घ्या. अमरेलीत मुलग्यांना सक्ती बाराव्या वर्षापर्यंत होती आणि मुलींना दहाव्यापर्यंतच. बडोद्यातच १९०४ साली बालविवाहाविरुद्ध कायदा झाला, त्यात मुलीचं लग्नाचं वय बारा ठरलं. म्हणजे दहाव्या वर्षी शाळा संपली की लग्नाला फक्त दोन वर्षं राहिली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. जे आईबाप मुलं शाळेत पाठवणार नाहीत त्यांना महिना एक रुपया दंड होता. त्या काळचा रुपया म्हणजे गरिबाला मोठी रक्कम.

आणि मग बायका स्वतः एकत्र आल्या. १९२७ च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली. मुलींच्या शिक्षणावर बोलायला देशभरातून बायका आल्या होत्या. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की लग्न आधी झालं तर शाळा काढून उपयोग काय? शिक्षणासाठी जमलेल्या त्या बायकांनी बालविवाहाविरुद्धही ठराव केला आणि पुढे कायद्याचा आग्रह धरला. १९२९ साली सारडा कायदा मंजूर झाला. मुलीचं वय चौदा, मुलग्याचं अठरा. तो १ एप्रिल १९३० पासून लागू होणार होता. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी काय केलं? घाईघाईने लग्नं उरकली. अगदी लहान लेकरांचीसुद्धा लावली. कायदा आला म्हणून मन बदललं असं होत नाही, हे तेव्हाच दिसलं. पुढे १९४९ साली मुलीचं वय पंधरा झालं आणि १९७८ साली अठरा.

१९७८ हे साल काही फार लांबचं नाही. आज साठी-पासष्टी ओलांडलेल्या आपल्या गटातल्या कितीतरी जणींची लग्नं पंधराच्या कायद्यातली आहेत. त्यांना विचारा. त्या सांगतात, गावात शाळा चौथीपर्यंत होती. चौथी झाली, पत्र वाचता येऊ लागलं, पुरे झालं. काही जणी सातवीपर्यंत गेल्या. सातवीला तेव्हा "फायनल" म्हणायचे. फायनल झाली म्हणजे शाळा संपली आणि घरी पाहुणे बघायला यायला लागले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींची जन्मतारीख १ जून आहे. खरी तारीख घरात कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून लिहिली. वयच माहीत नाही तर कायदा कशावर चालणार?

एवढं सगळं ऐकल्यावर "आपल्या वेळी असं नव्हतं" या वाक्याचा अर्थ बदलतो. आपल्या पणजीचं लहानपण नवव्या वर्षी संपत होतं, आजीचं बाराव्या-चौदाव्या, आईचं पंधराव्या-सोळाव्या. लेकीच्या वाट्याला अठरा वर्षं आली आहेत. तिने एका दिवसासाठी साडी नेसली, लाली लावली, म्हणून ती वर्षं कमी होत नाहीत. मोबाईलची काळजी करावी, ती खोटी नाही. तिच्या हातात काय येतं ते बघावंच. पण शाळा सुटल्यावर ही वर्षं सगळ्यात जास्त हातची जातात, आणि ते आपल्या समोर घडतं.

चौथीच्या किंवा सातवीच्या निरोपानंतर पुढची शाळा बहुधा दुसऱ्या गावात असते. एसटी वेळेवर येत नाही. वाट सुनी असते. शाळेत संडास धड नसतो. घरी धाकटं भावंड सांभाळायला कुणी नसतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं तर आणखीच अवघड. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते, तेव्हा वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात आणि उचल कोयत्यामागे मिळते. मग पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न लावून एक कोयता वाढवला जातो. त्यात मुलगाही शाळेतून सुटतो, हे विसरू नका.

सरकारच्या २०१९ ते २०२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं. पाचांतली एक, त्याहून थोडी जास्तच. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदाही आहे. कागदावर सगळं आहे. पण १९३० साली मधले सहा महिने जसे निसटले, तशी आज चौथी-सातवीनंतरची मे-जूनची सुट्टी निसटते.

म्हणून आमचं एक सांगणं आहे. यंदा आपापल्या गावात ज्या मुलामुलींचा निरोप समारंभ झाला, त्यांची नावं गटाच्या वहीत लिहून ठेवा. जूनच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की एकेक नाव वाचा. शाळा सोडल्याचा दाखला काढला का? पुढच्या शाळेत नाव घातलं का? गावाबाहेर शिकायला जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो, तो काढला का? ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीत केली का? कुठे कमी वयाचं लग्न ठरतंय असं कळलं तर गावात ग्रामसेवक आणि अंगणवाडी सेविका यांच्यावर ते रोखायची जबाबदारी आहे. १०९८ या नंबरवर फोनही करता येतो.

आणि एखाद्या घरी "आता मोठी झाली ती, कशाला पाठवायची" असं ऐकू आलं, तर भांडू नका. चार जणी मिळून जा, चहा घ्या, आणि तिच्या आईला दाखला काढायला सांगा. आता त्यावर १ जून नसते, खरी तारीख असते. ती तारीख वाचा आणि मग विचारा, किती मोठी झाली?