कोणाचे कोणी ऐकायचे?

मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला ‘ट्रंक कॉल’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पोस्टात जाऊन नंबर नोंदवायचा, ‘ऑर्डिनरी’, ‘अर्जंट’ की ‘लायटनिंग’ ते सांगायचे आणि बाकावर बसून राहायचे. जास्त पैसे मोजणाऱ्याचा नंबर आधी लागे. तिकडे ऑपरेटर समोरच्या फळ्यावरच्या भोकात दोरीची पिन घाली, की हैदराबाद नाहीतर मुंबई जोडली जाई. मधल्या वेळात त्याने कान लावला तर त्याला सगळे ऐकू येई. कोणाची सोयरीक मोडली, कोणाच्या कापसाला कुठे काय भाव मिळाला, हे एक्स्चेंजमध्ये आधी कळते, असे लोक म्हणत ते उगाच नव्हे.

आज कॉलेजात, बँकेत, तहसिलीत भिंतीवरच्या जाळीदार पेटीत जो नेटवर्क स्विच लुकलुकत असतो, तो या ऑपरेटरचाच वारस. त्याचा इतिहास वेगाचा इतिहास म्हणून लिहिण्याची पद्धत आहे: आधी दहा मेगाबिट, मग शंभर, मग हजार. मला तो एका प्रश्नाचा इतिहास वाटतो. एकाच तारेवर कोणाचे कोणी ऐकायचे, आणि हे ठरवायचे कोणी?

प्रश्न जुना आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत ॲल्मन स्ट्रॉजर नावाचा अंत्यविधीचा व्यवसाय करणारा गृहस्थ होता. त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको टेलिफोन ऑपरेटर होती आणि स्ट्रॉजरची गिऱ्हाइके ती नवऱ्याकडे वळवी, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, स्ट्रॉजरने ऑपरेटरविना चालणाऱ्या स्वयंचलित स्विचचे पेटंट 1891 मध्ये मिळवले आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी तसले एक्स्चेंज सुरू झाले. त्याच धर्तीची यंत्रे पुढे बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने बनवली. आपल्या देशात 1960 मध्ये कानपूर–लखनौ ही पहिली थेट डायल करण्याची सोय झाली. लहान गावांची पाळी यायला मात्र 1984 मध्ये ‘सी-डॉट’ स्थापन व्हावी लागली. या संस्थेने 128 जोडण्यांचे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले. ते वातानुकूलनाशिवाय चाले, ही त्यातली मोठी गोष्ट. नांदेड-लातूरकडचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला ती वेगळी समजावायला नको.

संगणकांच्या जाळ्याची गोष्ट याच प्रश्नापाशी पुन्हा नव्याने सुरू झाली. 1973 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ‘इथरनेट’ची कल्पना मांडली. एक जाड तार, तिला चिकटलेले सगळे संगणक, आणि कोणीही बोलले की सर्वांना ऐकू जाणार. जुन्या वाड्याच्या चौकात उभे राहून हाक मारावी तसे: हाक एकासाठी, पण माडीवरच्यांनाही ऐकू येते. दोघे एकदम बोलले तर दोघांनी गप्प बसायचे, थोडे थांबायचे, मग पुन्हा बोलायचे. पुढे जाड तारेच्या जागी आजची पीळदार तार आली, मधोमध ‘हब’ नावाची पेटी बसली. चौक मात्र तोच राहिला. हबमध्ये एका भोकातून आलेले सर्व भोकांतून बाहेर पडे.

विष्णुपुरीला श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय 1981 मध्ये सुरू झाले. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 मध्ये. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते 15 ऑगस्ट 1995 नंतर. म्हणजे आपल्याकडे जाळी विणली जाऊ लागली तेव्हा जगात हबची सद्दी संपत आली होती. पण जुने ते स्वस्त, आणि स्वस्त ते इकडे. हब मी पुष्कळ वर्षे पाहिले. प्रयोगशाळेतला एखादा चलाख पोरगा छोटासा प्रोग्राम लावून शेजारच्या संगणकाचे बोलणे वाचू शके. कोणाच्या ते ध्यानीमनीही नसे.

स्विच ही त्यावरची तोड. अमेरिकेत विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी काढलेल्या कंपनीने 1990 मध्ये सात पोर्टांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. कंपनीचे नाव ‘कल्पना’. भारद्वाज यांच्या पत्नीचे ते नाव. 1994 मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली आणि नाव मागे पडले. आपल्या घरातल्या नावाची ही पेटी आपल्या पाठ्यपुस्तकांत भेटत नाही, याची मला गंमत वाटते आणि थोडे वाईटही. स्विच करतो काय, तर प्रत्येक पोर्टापलीकडे कोणता संगणक आहे ते येणाऱ्या निरोपांवरून शिकतो, तक्ता करून ठेवतो, आणि निरोप ज्याचा त्यालाच देतो. पत्ता ठाऊक नसला, किंवा निरोपच सर्वांसाठी असला, तर मात्र तोही चौकात हाक मारतो.

त्या हाकेचा एक धोका आहे. एकाच तारेची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये खोचली गेली तर हाक गोल गोल फिरत राहते आणि दोन मिनिटांत सगळे कार्यालय ठप्प. यावरचा उपाय 1985 मध्ये रेडिया पर्लमन यांनी शोधला: स्विचनी आपापसांत बोलून एक झाड ठरवायचे आणि वळसा पडेल ती फांदी बंद ठेवायची. त्यांनी आपल्या शोधनिबंधात या पद्धतीवर एक छोटी कविताही घातली. आपल्याकडच्या शोधनिबंधांत असे कोणी करून पाहावे.

चौकाचे चौक पाडणे ही पुढची पायरी. एकाच पेटीत, एकाच तारांवर, लेखा विभागाचे जाळे वेगळे, ग्रंथालयाचे वेगळे, पाहुण्यांचे वेगळे. नवी भिंत नाही, नवी तार नाही. फक्त प्रत्येक पोर्टाला क्रमांक द्यायचा. यालाच आभासी स्थानिक जाळे, म्हणजे ‘व्हीलॅन’ म्हणतात. बेलकोर या संस्थेत डेव्हिड सिन्कोस्की यांनी 1980 च्या दशकात यावर काम केले. 1998 मध्ये त्याचे सर्वमान्य प्रमाण ठरले. निरोपाच्या पाकिटावर चार बाइटांची चिठ्ठी चिकटते; तीत क्रमांकासाठी 12 बिट, म्हणजे 4096 आकडे. पहिला आणि शेवटचा राखीव, उरले 4094. दोन स्विचमध्ये सर्व क्रमांकांचे निरोप एकत्र वाहून नेणाऱ्या पोर्टाला म्हणतात ‘ट्रंक’. पोस्टातल्या बाकावर ऐकलेला तोच शब्द.

व्हीलॅनची खरी गरज सरकारी जाळ्यांनी निर्माण केली. 2005 मध्ये केंद्राने राज्यव्यापी जाळ्यांची योजना मंजूर केली: राजधानी, जिल्हा आणि तालुका किमान दोन मेगाबिटच्या जोडणीने बांधायचे. जिल्ह्याच्या एका ठिकाणी अनेक खात्यांच्या तारा आल्या की कोषागाराचे बोलणे पुरवठा शाखेने ऐकू नये, हे कोणीतरी पाहायलाच हवे. लातूरची गोष्ट आणखी निराळी. 2019 पासून जेईई मेन आणि राज्याची सीईटी संगणकावर होऊ लागली. परीक्षेचे शहर म्हणूनच नाव असलेल्या लातुरात संगणकाच्या प्रयोगशाळेला एकदम परीक्षा केंद्राचे मोल आले. शेकडो मुलांचे संगणक आणि त्याच इमारतीतल्या कार्यालयाचे संगणक एका चौकात बसवणे कोणत्या आईबापांना मानवेल?

मराठवाड्यात ‘वेगळे ठेवणे’ हे शब्द मात्र जपून वापरावे लागतात. वेगळ्या पाणवठ्यांचा इतिहास आपल्या पाठीशी आहे. व्हीलॅनमधले वेगळेपण जन्माचे नव्हे, कामाचे. एका आज्ञेने ते बदलता येते. पण ती आज्ञा देणारा कोण? जुन्या ऑपरेटरला गाव नावाने ओळखत होते. आजचा कारभारी बहुधा ठेकेदाराचा माणूस असतो. तो येतो, पोर्टांना क्रमांक देतो आणि जातो. त्याने काय ठरवले ते कार्यालयातल्या कोणालाच ठाऊक नसते. पुष्कळदा ठरवलेलेच नसते: सगळी पोर्टे कारखान्यातून आलेल्या व्हीलॅन 1 मध्ये, म्हणजे हजारोंचा स्विच आणून शेवटी वाड्याचा चौकच.

आणि जे ठरवले ते टिकतेच असेही नाही. बहुतेक मोठ्या स्विचमध्ये दोन मांडण्या असतात, एक चालू आणि एक जतन केलेली. बदल आधी चालू मांडणीत होतो. तो जतन करण्याची वेगळी आज्ञा दिली नाही तर वीज गेल्यावर पुसला जातो. भारनियमनाच्या वर्षांत आमच्याकडे ‘कालपर्यंत चालत होते’ हे वाक्य इतके का ऐकू येई, त्याचे हे एक कारण.

निजामाच्या राजवटीतला दफ्तराचा कागद मिळाला तर आम्ही इतिहासवाले तो जपून ठेवतो. स्विचमधली मांडणीही दफ्तरच आहे. भंगारातून आणलेला चोवीस पोर्टांचा एक स्विच माझ्या टेबलावर आहे. समोरचे बटण दाबून धरून चालू केला की त्याचा पासवर्ड टाळता येतो. आत रोमन लिपीत व्हीलॅनची नावे निघाली: लेखा, परीक्षा, लॅब एक, लॅब दोन, आणि शेवटी ‘साहेब’. साहेबांच्या व्हीलॅनमध्ये एकच पोर्ट. परीक्षेच्या व्हीलॅनमध्ये तीन, त्यांपैकी एकापुढे शेरा: ‘तात्पुरते’. संस्थेचा आकृतिबंध कोणत्याही अहवालापेक्षा खरा इथे उमटला आहे. पण त्याच मांडणीत पासवर्ड आणि सगळ्या संगणकांची पत्त्यांची योजनाही आहे, आणि ती माझ्यासारख्या कोणाही भंगारवाल्याच्या गिऱ्हाइकाला वाचता येते.

म्हणून स्विच भंगारात देण्याआधी मांडणीची प्रत काढावी, पासवर्डांवर काट मारून ती छापून संस्थेच्या फायलीत तारखेसह लावावी, आणि मग पेटीची पाटी कोरी करावी. काम अर्ध्या तासाचे आहे. माझ्याजवळच्या पेटीची प्रत मी काढली आहे. संस्थेचे नाव तीत कुठेच नाही, त्यामुळे ती कोणाच्या फायलीत लावायची ते अजून ठरत नाही.