व्हर्जिनियाचे पत्र आणि निकोलसची थैली

नाताळच्या आधीचे आठ दिवस नांदेड-लातूरकडील आपल्या घरांत कसे जातात, हे वाचकांस सांगावयास नको. दारावर चांदणी चढते, करंज्या-शंकरपाळ्यांचा घाणा सुरू होतो, गव्हाणीसाठी कडबा येतो आणि चर्चच्या आवारात कोणा हौशी तरुणाला तांबडा झगा घालून नाताळबाबा केले जाते. दाढीला कापूस लागतो. त्याचा आपल्या भागात तोटा नाही. या गडबडीत सात-आठ वर्षांचे एखादे मूल मध्येच विचारते, ‘नाताळबाबा खरेच असतो का?’ आणि वडीलधारी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

हाच प्रश्न एका मुलीने एकदा थेट वर्तमानपत्राला विचारला होता. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी तिला मिळालेले उत्तर जगभर नाताळात अजून वाचले जाते.

सन १८९७. न्यूयॉर्क शहरातील डॉ. फिलिप ओ’हॅनलन यांची कन्या व्हर्जिनिया त्या जुलैमध्ये आठ वर्षांची झाली होती. सांताक्लॉज वगैरे काही नसते, असे सवंगड्यांनी सांगितल्यामुळे तिने वडिलांना गाठले. वडिलांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. ‘द सन’ या वर्तमानपत्राकडे त्यांनी बोट दाखविले, कारण ‘सन’मध्ये छापून येईल ते खरेच असणार, असा त्या घरचा विश्वास. आपल्याकडेही ‘अहो, पेपरात छापून आलंय’ एवढे म्हटले की वाद मिटत असे, त्यातलाच हा प्रकार. (गंमत अशी की, याच ‘सन’ने १८३५ मध्ये चंद्रावर पंख असलेली माणसे राहतात, अशी लेखमाला गांभीर्याचा आव आणून छापली होती आणि लोकांनी ती खरी मानली होती. डॉक्टरसाहेबांना याचा विसर पडला असावा.) मुलीने पत्र लिहिले. ते संपादक एडवर्ड मिचेल यांच्यामार्फत फ्रान्सिस फार्सेलस चर्च यांच्या टेबलावर आले.

हे गृहस्थ तेव्हा ५८ वर्षांचे होते. एका बॅप्टिस्ट पाळकाचे ते पुत्र. तरुणपणी अमेरिकेतील यादवी युद्धाची वार्तापत्रे त्यांनी लिहिली होती. माणसे माणसांना कशी मारतात, हे त्यांनी पाहिले होते. स्वतःला मूलबाळ नव्हते. अशा माणसाने लिहिलेले उत्तर २१ सप्टेंबर १८९७ रोजी ‘सांताक्लॉज आहे का?’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली छापून आले. महिना सप्टेंबर, नाताळ तीन महिने दूर. अग्रलेखांच्या रांगेत त्याला मानाची जागाही मिळाली नाही. साखळी नसलेल्या नव्या सायकलीविषयीचा मजकूर त्याच्या वर होता. खाली लेखकाचे नाव नव्हते.

त्याच सप्टेंबरात आपल्या महाराष्ट्रात काय चालले होते, हे आठवले म्हणजे मन थबकते. पुण्यात प्लेगने थैमान घातले होते, दुष्काळाची झळ ताजी होती आणि १४ सप्टेंबर रोजी, म्हणजे न्यूयॉर्कमधील त्या अग्रलेखाच्या बरोबर एक आठवडा आधी, ‘केसरी’तील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांना मुंबईच्या न्यायालयाने अठरा महिन्यांची सक्तमजुरी सुनावली होती. छापील शब्दाचे वजन त्या काळी किती होते, याच्या या दोन तऱ्हा म्हणावयाच्या.

चर्च यांनी मुलीला काय सांगितले? थोडक्यात एवढेच, की तिचे सवंगडी चुकतात, कारण डोळ्यांना दिसते तेवढेच ते खरे मानतात. प्रेम, औदार्य, निष्ठा या गोष्टी कोणी डोळ्यांनी पाहिलेल्या नाहीत. म्हणून त्या नाहीत असे होत नाही, आणि सांताक्लॉजही त्या अर्थाने आहेच. तर्काच्या कसोटीवर हे उत्तर टिकणारे नाही, असे आमचे प्रामाणिक मत आहे. प्रेम अदृश्य असते, यावरून कोणी दाढीवाला म्हातारा रात्री घरोघर हिंडतो, हे सिद्ध होत नाही. चिमुकल्या व्हर्जिनियाने नेमका हाच उलट प्रश्न केला असता, तर लेखक अडचणीत आले असते.

तरीही हा लेख मेला नाही. वाचक तो पुनःपुन्हा मागत राहिले. १९०६ मध्ये चर्च वारले, तेव्हा कोठे ‘सन’ने त्यांचे नाव जगाला सांगितले. १९२०च्या दशकापासून ते वर्तमानपत्र नाताळात हा लेख नित्यनेमाने छापू लागले आणि १९५० मध्ये स्वतः बंद पडेपर्यंत छापत राहिले. पुढे त्यावर संगीतरचना झाली, चित्रपट निघाले. त्या दिवशीच्या वरच्या सायकलीची आठवण मात्र केवळ या लेखामुळे राहिली!

याचे कारण आम्हांस असे वाटते की, प्रौढ माणूस मुलाच्या शंकेला हसला नाही. राजकारण्यांना उद्देशून लिहावे त्याच भारदस्त भाषेत त्याने आठ वर्षांच्या मुलीला उत्तर दिले. आपल्या घरांत मुलाच्या अशा प्रश्नाचे काय होते? ‘जा, खेळ जा,’ किंवा ‘देवाच्या गोष्टीत असे विचारू नये.’ एवढ्यावर तो संपतो.

मराठवाड्याच्या मातीत मात्र लहान मुलाच्या विश्वासाची याहून जुनी एक कथा आहे. संत नामदेवांचे गाव म्हणून जे नर्सी बामणी सांगितले जाते, ते आज हिंगोली जिल्ह्यात आहे आणि नांदेडपासून फार दूर नाही. ‘भक्तविजय’कार महिपतींनी १७६२ मध्ये ग्रथित केलेली त्यांच्या बालपणाची कथा सर्वश्रुत आहे. बालकाला नैवेद्य देऊन राउळात पाठविले. देव जेवत नाही हे पाहून ते हट्टास पेटले, आणि विठ्ठलाला जेवावे लागले. घरी येऊन त्याने सांगितले, तर मोठ्यांचा विश्वास बसेना! व्हर्जिनियाच्या कथेत मूल शंका घेते आणि मोठा माणूस विश्वास ठेवावयास सांगतो. नामदेवांच्या कथेत मूल निःशंक आहे आणि शंका घेतात ती मोठी माणसे. आम्हांस दुसरी कथा अधिक खरी वाटते. याच नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि त्या ग्रंथाला गुरुपदाचा मान गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये दिला तो नांदेडलाच. श्रद्धेच्या गोष्टी धर्माच्या कुंपणाबाहेर कशा जातात, हे नांदेडकरांना बाहेरून शिकवावे लागत नाही.

परंतु न्यूयॉर्कच्या त्या उत्तरात एक उणीव आहे आणि ख्रिस्ती वाचकाला ती टोचल्याशिवाय राहत नाही. संपूर्ण लेखात बेथलेहेम नाही. ईश्वराचे नाव येते ते उद्गारापुरते. गव्हाणी नाही, पवित्र मरिया-योसेफ नाहीत, बाळ येशू नाही. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे, ज्या माणसावरून सांताक्लॉज घडला, त्याचेही नाव नाही. मुलीने ‘खरा आहे का?’ असे विचारले होते. ‘होय बाळ, होता. त्याचे नाव निकोलस,’ असे उत्तर देता आले असते.

संत निकोलस चौथ्या शतकात मायरा नगरीचे बिशप होते. हे स्थान आज तुर्कस्तानात असून त्यास देम्रे म्हणतात. १०८७ मध्ये त्यांचे अवशेष इटलीतील बारी शहरी नेण्यात आले आणि त्यांची कीर्ती पश्चिमेकडे पसरली. डच लोक त्यांना ‘सिंटरक्लास’ म्हणत. त्याचेच अमेरिकेत ‘सांताक्लॉज’ झाले. १८२३ मध्ये ट्रॉय गावच्या एका वर्तमानपत्रात छापलेल्या कवितेने त्यांना हरणांची गाडी दिली, १८६३ पासून थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने गोलमटोल देह दिला आणि १९३१ पासून एका शीतपेयाच्या जाहिरातींनी त्यांचा तांबडा पोशाख घरोघर पोचविला. अशा रीतीने बिशपांचा मुकुट गेला, हातातील मेंढपाळाची काठी गेली, आणि उरली ती टोपी. ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत त्यांचा सण ६ डिसेंबरला अद्याप आहे. १९६९ च्या सुधारणेनंतर तो ऐच्छिक स्मरणदिन झाला. आपल्याकडे ती तारीख उजाडते ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनाची; नांदेड-लातूरहून माणसे चैत्यभूमीकडे निघालेली असतात. त्या गर्दीत मायराच्या बिशपांची आठवण आपल्यापैकी किती जणांना होत असेल, याची शंकाच आहे.

त्यांच्याविषयीची मुख्य आख्यायिका मात्र न्यूयॉर्कपेक्षा मराठवाड्यात लवकर समजेल अशी आहे. एका बापाला तीन मुली होत्या. घर बसले होते, हुंड्याला पैसा नव्हता. आणि हुंडा नाही म्हणजे लग्न नाही, लग्न नाही म्हणजे मुलींच्या नशिबी बाजार. निकोलसांनी रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. थोरलीचे लग्न झाले. मग दुसऱ्या रात्री दुसरी थैली, पुढे तिसरी. तिसऱ्या वेळी बाप जागत बसला आणि त्याने दात्याला ओळखले, तेव्हा निकोलसांनी कोणास न सांगण्याची त्याला विनवणी केली.

ज्या प्रदेशात पाऊस दगा देतो, सोयाबीन-कापसाचा भाव पडतो आणि उपवर मुलीच्या बापाला झोप लागत नाही, तेथे या गोष्टीवर भाष्य करण्याची गरज नाही. हुंडा घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरले. तो थांबला असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही, ख्रिस्ती घरांनीही नाही. मुलांना ही गोष्ट सांगताना ‘हुंडा’ हा शब्द गाळून नुसती ‘मदत’ म्हणण्याची पद्धत आम्हांस पसंत नाही. शब्द गाळला की थैली कशासाठी होती, तेच कळत नाही.

येथे एक फरक लक्षात घ्यावयास हवा. बाजारातला सांताक्लॉज गुणी मुलांना बक्षीस देतो. तो चांगल्या-वाईट मुलांची यादी ठेवतो, असे मुलांना सांगितले जाते. मायराच्या निकोलसांनी त्या मुली गुणी आहेत की नाहीत, याची चौकशी केली नाही. त्यांना गरज होती, एवढेच पाहिले. गरीब घरातील मुलाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. शेजारच्या बंगल्यातील मुलाला सायकल मिळाली आणि आपल्याला काहीच नाही, तर यादीच्या हिशेबाने त्याने काय समजावे? आपण वाईट आहोत, हेच ना? दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीला निघालेली कुटुंबे नाताळात पश्चिम महाराष्ट्राच्या फडांवर असतात. पाचटाच्या कोपीत झोपलेल्या मुलाला यादीवाल्या सांताची गोष्ट सांगणे म्हणजे त्याच्या दारिद्र्याचा दोष त्याच्याच माथी मारणे होय. गव्हाणीत जन्मलेल्या बाळाच्या सणाशी हे कसे जुळते, ते आम्हांस उमगत नाही.

व्हर्जिनियाला हे पुढे कळले असावे, असे तिच्या आयुष्याकडे पाहून वाटते. ती शिक्षिका झाली. संसार फार काळ टिकला नाही. एकुलत्या मुलीला तिने एकटीने वाढविले. १९३० मध्ये येशूसंघीयांच्या फोर्डहॅम विद्यापीठातून तिने डॉक्टरेट मिळविली. प्रबंधाचा विषय होता खेळाचे महत्त्व. ब्रुकलिनमध्ये दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलांच्या शाळेत तिने काम केले. १९५९ मध्ये निवृत्त झाली आणि १९७१ च्या मे महिन्यात, ८१ व्या वर्षी निवर्तली. आयुष्यभर तिला अनोळखी लोकांची पत्रे येत आणि ती उत्तरासोबत त्या जुन्या लेखाची प्रत पाठवी. प्रश्न विचारणारी मुलगी अशी स्वतःच उत्तर देणारी झाली.

आपल्या लातूरकडे हा प्रश्न पुस्तकात वाचावयाचा राहिला नव्हता, असेही एक वर्ष होऊन गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जन करून माणसे निजलेली असताना किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदे निजलेल्यांच्या अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. मृतांचा आकडा दहा हजारांच्या आसपास होता, असे मानणारेही आहेत. त्यानंतर ८६ दिवसांनी नाताळ आला.

मधल्या काळात देशभरातून त्या भागाकडे धान्य, कपडे, कांबळी, पत्रे भरलेल्या गाड्या येत राहिल्या. कांबळे कोणी दिले, हे ते पांघरणाऱ्या मुलाला कळले नाही. ते कोणाच्या अंगावर पडले, हे देणाऱ्यालाही कळले नाही. देणारे बहुतेक ख्रिस्ती नव्हते, घेणारेही नव्हते. त्या थंडीत पत्र्याच्या शेडमधील एखाद्या मुलाने, रात्री येऊन देऊन जाणारा कोणी खरेच असतो का, असे विचारले असते, तर त्याच्या बापाला वर्तमानपत्राकडे बोट दाखवावे लागले नसते.