हरवलेला दात

डोंगरकड्याहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर अपघात झाला, की जमलेली मंडळी जखमीस आधी उताणे निजवतात. हेतू दयेचाच असतो. परंतु ज्याचा जबडा मोडला आहे त्याच्या बाबतीत ही दयाच कधीकधी जिवावर बेतते.

पहिल्या महायुद्धात केल्सी फ्राय या ब्रिटिश लष्करी डॉक्टराने जबडा फुटलेल्या एका सैनिकास डोके पुढे झुकवून मागे आणले. तेथे त्याला उताणे निजवण्यात आले आणि थोड्याच वेळात तो गुदमरून मेला. उताणे निजल्यावर जीभ मागे पडते. रक्त व मोडके दात घशात उतरतात. गिळलेला दात बहुधा आपोआप बाहेर पडतो. श्वासाबरोबर आत गेलेला मात्र बहुतेक वेळा उजव्या फुप्फुसात शिरतो, कारण तिकडची नळी अधिक रुंद व सरळ आहे.

घशातील हाड काढण्यासाठी दोऱ्यास बांधलेला केसांचा पुंजका गिळवावा, अशी युक्ती सुश्रुतसंहितेत सांगितली आहे. त्याखाली, श्वासनलिकेत गेलेल्या वस्तूसाठी मात्र गळा चिरण्यावाचून फारसा उपाय नव्हता. १८९५ साली क्ष-किरण सापडले आणि १८९७ साली जर्मनीत गुस्ताव किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वासनळीतील हाडाचा तुकडा तोंडावाटे नळी घालून काढला. अमेरिकेत शेव्हालिए जॅक्सन यांनी रुग्णांच्या घशातून, अन्ननलिकेतून व श्वासनलिकेतून निघालेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू जपून ठेवल्या. पुढे १९६६च्या सुमारास जपानच्या शिगेतो इकेदा यांनी लवचीक दुर्बीण आणली.

एवढी साधने झाली. पण आत काही गेले आहे अशी शंकाच कोणास आली नाही, तर ती काय कामाची? चेहऱ्याच्या जखमा शिवल्या जातात, रोगी घरी जातो, आणि पुढे खोकला व ताप सुरू होतो. म्हणून आम्ही म्हणतो, दात मोजावेत. तुटलेले दात व कवळीचे तुकडे वेचून रोग्याबरोबर पाठवावेत. जो सापडत नाही तो डॉक्टरांस आवर्जून सांगावा. प्लॅस्टिकच्या कवळीचा तुकडा क्ष-किरणांतही सहसा दिसत नाही. तेथे आपली साक्षच उपयोगी पडते.

जखमी शुद्धीवर असून स्वतः बसू शकत असेल, तर त्याला पुढे झुकून बसू द्यावे. बेशुद्ध असून तोंडातून रक्त वाहत असेल, तर मान सावरून सबंध अंग एका कुशीवर वळवावे. दिसत नसलेली वस्तू काढण्यासाठी घशात आंधळेपणाने बोटे घालू नयेत. दुर्बीण दूरच्या इस्पितळात असते. तोवरचा श्वास रस्त्यावर उभ्या असलेल्या आपल्याच हाती असतो.