पलटणीची शाळा आणि सुभेदार रामजी सकपाळ

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना मिशनऱ्यांच्या शाळा, मुंबई इलाख्यातील सरकारी शाळा आणि महात्मा फुले व सावित्रीबाई यांनी 1848 पासून पुण्यात सुरू केलेल्या शाळा यांचा विचार अग्रक्रमाने होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु याच काळात लष्करी छावण्यांमध्ये चालणाऱ्या एका चौथ्या प्रकारच्या शाळेकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. पलटणीची शाळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शाळेत शिपाई आणि त्यांची मुले अक्षरओळख करून घेत, शिकवणारे पुष्कळदा पलटणीतलेच हिंदी लोक असत, आणि गावच्या शाळेच्या ओट्यावरही ज्यांना जागा नव्हती अशा महार कुटुंबांतील मुले तेथे शिकत. या शाळांनी घडवलेला आणि या शाळांमधून शिकवणारा एक माणूस म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील म्हणून त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. परंतु शिपाई, शिक्षक आणि कुटुंबप्रमुख अशा तिन्ही नात्यांनी त्यांनी जे केले, त्याचा स्वतंत्र विचार व्हायला हवा.

महार समाजाचे लष्कराशी नाते जुने आहे. गावगाड्यात महाराकडे महारकीचे वतन असे. म्हणजे वेशीची राखण, सांगावे पोचवणे, सरकारी वसुलाच्या कामात धावपळ करणे, हद्दींची साक्ष देणे अशी वंशपरंपरागत कामे आणि त्यांच्या मोबदल्यात बलुते व थोडी इनाम जमीन. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात महारांची भरती होऊ लागली, तेव्हा या वतनाच्या साखळीतून बाहेर पडण्याची एक वाट त्यांना मिळाली. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगाव भीमा येथे झालेल्या लढाईच्या स्मृतिस्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांत ‘नाक’ हा महारांच्या नावांना लागणारा प्रत्यय असलेली बावीस नावे आढळतात, यावरून या भरतीचे प्रमाण लक्षात येते. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावच्या सकपाळ घराण्यानेही हीच वाट धरली. रामजींचे वडील मालोजी लष्करात होते, आणि रामजींचा विवाह ज्या भीमाबाईंशी झाला त्यांचे मुरबाडकर हे माहेरही सुभेदारांचे घर म्हणून ओळखले जाई.

कंपनीच्या आणि पुढे राणीच्या लष्कराने शाळा काढल्या त्या परोपकारासाठी नव्हेत, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. हजेरीपट, पगाराचा हिशेब, सामानाची नोंद आणि लेखी हुकूम यांवर चालणाऱ्या सैन्याला वाचता-लिहिता येणारे नाईक व हवालदार लागत होते, आणि बढतीची पायरी चढण्यासाठी शिपायालाही अक्षराची गरज होती. परंतु संस्थेचा हेतू आणि तिचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी असतात. बाबासाहेबांनी पुढे आपल्या लेखनात नोंदवले आहे की कंपनीच्या लष्करात हिंदी शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी, मुलगा असो की मुलगी, शिक्षण सक्तीचे होते. ज्या काळात सवर्ण घरांतील मुलींच्या शिक्षणावरही वाद झडत होते, त्या काळात छावणीतील महार मुलगी पाटी घेऊन बसत होती. या एका वस्तुस्थितीचे महत्त्व त्या शाळांच्या मूळ हेतूपेक्षा फार मोठे आहे.

या शाळांसाठी शिक्षक तयार करण्याची सोय नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे अध्यापनाचे प्रशिक्षण देणाऱ्या शाळेत होती. रामजींनी पुण्याच्या अशा लष्करी नॉर्मल स्कूलमधून अध्यापनाची परीक्षा दिली, ते शिक्षक झाले आणि सुमारे चौदा वर्षे पलटणीच्या शाळेचे मुख्याध्यापक राहिले. लष्करातील त्यांचा हुद्दा सुभेदाराचा होता. त्या काळच्या रचनेत सुभेदार हा हिंदी शिपायांतून वर चढलेला अधिकारी असे आणि वय, अनुभव व वर्तन यांच्या बळावरच तेथे पोचता येई. एकाच माणसाच्या ठायी तलवार आणि खडू यांचा असा संयोग ही त्या लष्करी व्यवस्थेची देणगी होती. त्यातही महत्त्वाचे हे की वर्गात शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात जातीची भिंत असेलच असे नव्हते. महार मुलासमोर महार मुख्याध्यापक उभा आहे, हे दृश्य छावणीच्या बाहेर त्या काळात जवळजवळ अशक्य होते. 14 एप्रिल 1891 रोजी इंदूरजवळच्या महू छावणीत रामजी-भीमाबाईंचे चौदावे अपत्य जन्मले, ते भीमराव, म्हणजेच बाबासाहेब. त्या चौदांपैकी बळराम, आनंदराव, भीमराव हे मुलगे आणि मंजुळा व तुळसा या मुली एवढीच मोठी झाली.

भीमरावांच्या जन्माच्या सुमारासच लष्कराची ही वाट बंद होत होती. 1857 नंतर लष्कराच्या फेररचनेत ‘लढाऊ जाती’ या कल्पनेने, म्हणजे काही जाती जन्मतःच लढवय्या असतात आणि उरलेल्या नसतात या समजाने जोर धरला, जातवार तुकड्यांची पद्धत आली आणि 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. पाऊण शतक ज्यांनी सेवा केली त्यांनाच अयोग्य ठरवणारा हा निर्णय अन्यायाचा होता, आणि त्याचा आघात केवळ रोजगारावर नव्हता. भरती थांबली तशी पलटणीच्या शाळेची दारेही पुढच्या पिढीसाठी लागली. विरोध करण्यासाठी प्रथम पुढे आले ते निवृत्त शिपाई. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर 1886 मध्ये निवृत्त होऊन दापोलीस राहिले; 1888 मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध करून अस्पृश्यतेच्या शास्त्राधाराला आव्हान दिले आणि 1894 मध्ये लष्करभरतीसाठीच्या अर्जाचा मसुदा केला. भरतीबंदीविरुद्धच्या अर्जासाठी रामजींनीही न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे साहाय्य घेतल्याची नोंद चरित्रग्रंथांत आहे. जेजुरी येथील महारांच्या सभेनंतर 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी हीच मागणी लंडनपर्यंत नेली. अर्ज लिहिणे, कायद्याची भाषा वापरणे आणि सेवेचा पुरावा मांडणे ही कौशल्ये निवृत्त शिपायांना पलटणीतल्या अक्षरओळखीतून मिळालेली होती.

निवृत्तीनंतर रामजी काही काळ दापोलीस राहिले. तेथे पेन्शनर शिपायांची वस्ती होती आणि निवृत्त महार कुटुंबांना एकमेकांचा आधार मिळे. पुढे ते साताऱ्यास गेले आणि जिल्ह्यातील गोरेगाव येथे सरकारी नोकरीत लागले. साताऱ्यातच 1896 मध्ये भीमाबाईंचे निधन झाले आणि रामजींची बहीण मीराबाई हिने मुलांना सांभाळले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत दाखल झाले. मुख्याध्यापकाच्या या मुलाला तेथे घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने वरून ओतल्याशिवाय नळाचे पाणी पिता येत नसे. छावणीतील वर्ग आणि गावातील वर्ग यांच्यातील हे अंतर त्या घराला ज्या तीव्रतेने कळले असेल, त्या तीव्रतेने ते फार थोड्या घरांना कळले असेल.

पलटणीची शाळा बंद झाली, परंतु मुख्याध्यापक घरी होता. रामजी कबीरपंथी होते. संत कबीरांना मानणारा, जातिभेद नाकारणारा आणि भजन-पठणावर भर देणारा हा पंथ त्या काळी महार समाजात बराच पसरला होता. घरात रोज सकाळ-संध्याकाळ भजने होत, आणि मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन करून घेण्याचा त्यांचा परिपाठ होता. ही महाकाव्ये कशाला, असा प्रश्न मुलाने विचारला तेव्हा वडिलांनी दिलेले उत्तर बाबासाहेबांनी नोंदवून ठेवले आहे: अस्पृश्य म्हणून मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये, आणि द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्यासारख्या, हीन कुळातून किंवा सामान्य स्थितीतून थोर झालेल्यांकडे त्यांनी पाहावे, असा त्याचा आशय होता. हे उत्तर भाविकाचे असण्यापेक्षा शिक्षकाचे अधिक आहे. ग्रंथ कोणता यापेक्षा मुलाच्या मनात त्यातून काय उतरते, याचा विचार त्यात आहे. इंग्रजीसाठी हॉवर्डची पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला यांचा कसून अभ्यास रामजींनी करून घेतला, आणि नेमका शब्द शोधण्याची सवय मुलाला लावली. पुढे ज्याच्या लेखणीने भारताच्या संविधानाचा मसुदा घडला, त्याच्या भाषेच्या पायाशी ही घरगुती शिस्त आहे, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

1904 मध्ये कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या चाळीतील एका खोलीत राहू लागले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. दोघा मुलांचा शिक्षणाचा खर्च पेलवेना, तेव्हा थोरल्याला नोकरी धरावी लागली. माणसांनी आणि सामानसुमानाने भरलेल्या त्या खोलीत दिवसा अभ्यास होत नसे, म्हणून भीमराव संध्याकाळी लवकर झोपत, रामजी मध्यरात्रीनंतर जागे राहून दोनच्या सुमारास मुलाला उठवत, आणि त्यानंतरच स्वतः आडवे होत. पुस्तकाला पैसे नसले म्हणजे ते विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणून गहाण ठेवत आणि पेन्शन मिळाल्यावर तो सोडवून परत देत. सुभेदाराची पेन्शन, मुलींचे दागिने, थोरल्या भावाची मजुरी आणि वृद्ध बापाची झोप या चार गोष्टींच्या भांडवलावर 1907 ची मॅट्रिक उभी राहिली. 1912 च्या बी.ए.साठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीचे मोल मोठेच आहे. मात्र ती मिळण्याआधीचा सगळा पल्ला या खोलीने ओढून नेला होता, याची नोंद तितक्याच ठसठशीतपणे व्हायला हवी.

जानेवारी 1913 मध्ये भीमराव बडोदा संस्थानाच्या सेवेत रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजाराची तार आली. ते मुंबईस पोचले तेव्हा रामजी अखेरच्या घटका मोजत होते. 2 फेब्रुवारी 1913 रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बोलताना त्यांनी कोकणातील निवृत्त शिपायांच्या त्या पिढीची आठवण काढली आणि लष्करभरती बंद झाल्यावर आलेल्या उतरणीकडे लक्ष वेधले. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची उभारणी झाली, आणि अर्धशतकापूर्वी बंद केलेले दार पुन्हा उघडले. 28 ऑक्टोबर 1954 रोजी मुंबईतील भाषणात बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले, ते बुद्ध, कबीर आणि फुले. त्यांपैकी कबीर त्यांना घरातच, वडिलांच्या भजनांतून भेटले होते. 1923 मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा आपला प्रबंध त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.